पत्रिका शुक्रवारी छापायला जातेय – शनिवारची संध्याकाळ कुणाची?

प्रेषक: विजय

सर्वांना जय ख्रिस्त.
जालन्याहून आताच दादांचा फोन होता, आपल्या गावच्या मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक सभेच्या पत्रिकेबद्दल. प्रेसवाला शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाला, त्यापुढे नाही. शनिवारी संध्याकाळच्या मुख्य संदेशाला परभणीच्या ताईंचं, म्हणजे तिथल्या दीक्षित पाळकबाईंचं, नाव होतं. पंचांनी ते तिथून काढून सकाळच्या महिला सभेत टाकलंय आणि संध्याकाळी गेल्या वर्षीच्याच पाळकसाहेबांना ठेवलंय. मंडप आणि साउंडचा खर्च आपला, म्हणून आपलं मत विचारलंय. हो की नाही एवढंच कळवा. जनरेटरचं वेगळं लिहितो.

प्रेषक: शांतामावशी

विजय, हो-नाहीवर उरकायचा हा विषय नाही.
माझी आजी बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणारी पगारी बाई, होती हे तुमच्यापैकी जुन्यांना माहीत आहे. पाळकसाहेब महिना-दीड महिन्यानं छकड्यातून यायचे, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) द्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. मधले सगळे रविवार आजीचे. मंडळीत नीट वाचता येणारी ती एकटीच. आणि वाड्यांमध्ये दाराआड बसलेल्या बायकांपर्यंत तर पाळकांना जाताच येत नव्हतं, तिथं शुभवर्तमान बायबलबायांनीच नेलं. रझाकारांच्या दिवसांत रस्ते बंद होते, 1947 च्या नाताळला पाळकसाहेब जालन्यातून निघू शकले नाहीत. भक्ती आजीनं चालवली, संदेशही तिनंच दिला. समोर गावातले सगळे पुरुष होते. एकही उठून गेला नाही.
मंडळीच्या रजिस्टरात तिचं नाव उपदेशक म्हणून कुठंही नाही, ‘पगारी बाई’ म्हणून आहे. आता परभणीच्या ताईंचंही तसंच करायलेत. बायकांपुढं सकाळी बोला, संध्याकाळी माणसं जमली की खाली बसा. माझा याला स्पष्ट विरोध आहे.

प्रेषक: अण्णाकाका

शांताताई, आजींबद्दल मला आदर आहे, माझ्या आईला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. पण अडचणीच्या काळात देवानं जे चालवून घेतलं, तो मंडळीचा नियम होत नाही.
तीमथ्याला पहिले पत्र 2:12 सगळ्यांनी पुन्हा वाचावं: स्त्रीनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असं प्रेषित पौल तिथं म्हणतो. लोक म्हणतात, ते तीमथ्य जिथं होता त्या इफिसातल्या बायकांपुरतं होतं. पण पुढच्याच वचनात पौल कारण देतो ते आदाम आधी निर्माण झाला हे. इफिसाच्या रिवाजाचं कारण तो देतच नाही. उत्पत्तीपासूनची गोष्ट एका गावापुरती कशी म्हणायची? ताईंना बोलता येत नाही असं मी म्हणत नाही. औरंगाबादला मी त्यांना ऐकलंय, त्यांचा अभ्यास पक्का आहे. प्रश्न कुवतीचा नाही, मंडळीवरच्या अधिकाराचा आहे.
आणि आपण सुट्टीला जाऊन परत येणार. तंटा झाला तर तो पंचांनाच वर्षभर निस्तरावा लागतो. पैसे आपले म्हणून पत्रिका आपली, असं होऊ नये.

प्रेषक: रूथ

अण्णाकाका, वचनं पाठ करायला मला तुम्हीच शिकवलंत, म्हणून वचनांवरच बोलते.
त्याच अध्यायात 2:9 मध्ये सोनं, मोती, वेण्या नकोत असं आहे. ते आपण त्या काळापुरतं धरतो आणि तीन ओळी खालचं कायमचं धरतो. करिंथकरांस पहिले पत्र 14:34 मध्ये स्त्रियांनी गप्प राहावं असं आहे, पण त्याच पत्रात 11:5 मध्ये प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीनं डोकं झाकावं असं सांगितलंय. गप्पच बसायचं असतं तर पदराची सूचना कशाला? अपुल्लो या प्रचारकाला देवाचा मार्ग नीट समजावून देणाऱ्यांत प्रिस्किल्ला आहे, प्रेषितांची कृत्ये 18:26. फिलिप्पाच्या चारही मुली संदेश देत होत्या. आणि ‘मी प्रभूला पाहिलं’ ही बातमी शिष्यांना पहिल्यांदा दिली ती मग्दालिया मरीयेनं. ती ऐकणाऱ्यांत प्रेषितच होते.
आता अधिकाराचं. ताईंच्या डोक्यावर बिशपसाहेबांनी हात ठेवलेत, म्हणजे पाळकपदाची दीक्षा दिलीय. 1970 मध्ये नागपूरला जी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, ती आपली मंडळी आहे आणि ती स्त्रियांना दीक्षा देते. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 मध्ये नंद्यालला स्त्री बिशप झाल्या. धर्मप्रांतानं जिला अधिकार दिला, तिचं नाव गावचे पंच बिशपांना न विचारता पत्रिकेतून हलवतात. मग अधिकार कोण मोडतंय?

प्रेषक: अनिलमामा

सोन्याचा मुद्दा रूथनं बरा काढला. गेल्या वर्षीच्या सभेत जे दागिने दिसले ते मला अजिबात आवडलं नाही. मंडळीतल्या गरीब बाईला मागच्या रांगेत बसावंसं वाटतं त्यामुळे. त्यावरही पंचांनी काही तरी ठरवावं.
बाकी माझी बायको मुक्तिफौजेतली (साल्व्हेशन आर्मी). 1882 मध्ये मुंबईला उतरलेल्या त्यांच्या पहिल्या चौघांत एक बाई होती. सासूबाई अधिकारी होत्या, रविवारी सासरे बोलायचे तर कधी त्या. मला यात वाद दिसत नाही.

प्रेषक: सुधीर

मुक्तिफौजेचं उदाहरण आपल्याला लागू नाही, त्यांच्यात प्रभुभोजन नाही आणि बाप्तिस्माही नाही. द्यायचंच तर केडगावचं द्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये 1905 ला झालेल्या संजीवनानंतर (आध्यात्मिक जागृतीनंतर) पंडिता रमाबाईंनी मुलींचे जथे गावोगाव सुवार्तेला पाठवले. आणि गंगाखेडची जनाबाई, आपेगावची मुक्ताबाई ज्या मातीत झाल्या, तिथं बाईच्या तोंडून देवाचं ऐकायला पुरुषांना जड जाऊ नये.

प्रेषक: अण्णाकाका

सुधीर, संतांबद्दल आदर राखून सांगतो, मंडळीचा नियम शास्त्रातून येतो, मातीतून नाही. रमाबाईंचं काम मोठंच आहे. त्यांनी मूळ भाषांतून केलेलं बायबल माझ्या टेबलावर आहे.

प्रेषक: फ्रान्सिस (वैजापूर)

माझं मत मोजू नका, आम्ही कॅथलिक. आमच्यात मिस्सेतलं (प्रभुभोजनाच्या उपासनेतलं) प्रवचन धर्मगुरू किंवा डिकनच (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक) देतात, तो चर्चचा कायदाच आहे. पण मिस्सेबाहेर, रिट्रीटला वगैरे सिस्टर बोलतात आणि पुरुष ऐकतात. तुमची शनिवारची सभा मंडपातली आहे ना? प्रभुभोजन रविवारीच असतं असं मला आठवतं.

प्रेषक: अण्णाकाका

हो, रविवारीच. रविवारची भक्ती आणि प्रभुभोजन पाळकसाहेबांकडे राहणार असेल तर शनिवारच्या मंडपाला मी आडवा येणार नाही. माझं मत बदललेलं नाही, हेही पंचांना कळवावं.

प्रेषक: शांतामावशी

शनिवार मिळाला म्हणून मी रविवार सोडणार नाही. ताई रीतसर दीक्षित आहेत, पुढच्या वर्षी रविवारी वेदीवर त्यांनीच उभं राहावं, हे मी आत्ताच लिहून ठेवते. पण या वेळी अण्णा, तुम्ही स्वतः पंचांना फोन करा. तुमचा शब्द ते ऐकतात, माझा नाही.

प्रेषक: विजय

अण्णाकाकांनी रात्री फोन केला. पंच तयार झाले. शनिवार, संध्याकाळी 7, मुख्य संदेश परभणीच्या ताई. नावामागे ‘रेव्हरंड’ लावा असं दादांना सांगितलंय, सकाळच्या यादीत नुसतं ‘श्रीमती’ होतं. सकाळची महिला सभाही त्याच घेतील, त्यांना दोन्ही चालतं. पाळकसाहेबांशी मी बोललो, शनिवारची प्रार्थना ते करतील.
जनरेटरवाला जास्तीचे पैसे मागायलाय. कुणाच्या ओळखीत भोकरदन रोडला दुसरा कुणी आहे का?