शाळेचा करार विद्यापीठाच्या हाती असावा का?

त्रिज्या (मूळ लेख)

मिशिगन राज्यातील माउंट प्लेझंट या छोट्या शहरात सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटी आहे, आणि तिथून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या डेट्रॉइटमधील काही शाळा चालू राहतील की बंद होतील, हे त्या विद्यापीठाच्या एका कार्यालयातील शिफारशीवर ठरते. भारतातून पाहणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल. विद्यापीठाने पदव्या द्याव्यात, पहिली-दुसरीच्या मुलांच्या वाचनाशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न मलाही इथे आल्यावर पडला होता.

चार्टर शाळा ही सरकारी पैशांवर चालणारी, फी न घेणारी सार्वजनिक शाळा असते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा लागतो आणि राज्याच्या परीक्षा इतर शाळांप्रमाणेच द्याव्या लागतात. फरक इतकाच की ती स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्कूल बोर्डाच्या हाताखालील सरकारी शाळांच्या यंत्रणेच्या, अखत्यारीत नसते. तिला काही नियमांतून मोकळीक मिळते आणि त्या बदल्यात ती ठरावीक मुदतीचा करार करते. हा करार तिच्याशी जी संस्था करते, तिला ऑथोरायझर म्हणतात. मिनेसोटाने १९९१ मध्ये असा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल येथे पहिली शाळा उघडली. मिशिगनने १९९३ च्या कायद्याने हा अधिकार सरकारी विद्यापीठांनाही दिला. त्यामागचा विचार सरळ होता. नवी शाळा निघाली की जुन्या डिस्ट्रिक्टची मुले आणि मुलांमागून येणारा निधी कमी होणार. तेव्हा परवानगी फक्त डिस्ट्रिक्टकडेच मागायला लावणे म्हणजे नव्या दुकानाचा परवाना समोरच्या वाण्याकडून आणायला सांगण्यासारखे होते.

विद्यापीठ शाळा चालवत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. मुख्याध्यापक कोण असावा, पाठ्यपुस्तक कोणते असावे, हे शाळेचे संचालक मंडळ ठरवते. त्या मंडळाच्या सदस्यांची नेमणूक मात्र मिशिगनमध्ये विद्यापीठ करते, ते सदस्य सार्वजनिक पदाची शपथ घेतात आणि त्यांच्या सभा खुल्या ठेवाव्या लागतात. करारात मुलांच्या प्रगतीची उद्दिष्टे लिहिलेली असतात. वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीला घेतलेल्या चाचण्यांमधून प्रत्येक मूल किती पुढे गेले हे पाहिले जाते, लेखापरीक्षण तपासले जाते, शाळेला भेटी दिल्या जातात आणि मुदत संपताना नूतनीकरणाचा निर्णय होतो. मंडळाचे प्रशिक्षण, आकडेवारीचे विश्लेषण, नव्या मुख्याध्यापकांना मार्गदर्शन ही मदत याच कार्यालयाकडून मिळते.

माझे म्हणणे असे की या सगळ्या खटाटोपात निर्णायक दिवस दोनच असतात: करार देण्याचा आणि नूतनीकरण नाकारण्याचा. इंडियानातील बॉल स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०१३ मध्ये आपल्या ७ शाळांचे नूतनीकरण एका झटक्यात नाकारले. निवडून आलेले कोणते स्कूल बोर्ड आपल्याच सात शाळांबाबत असे धाडस करते? मतदारांपासून असलेले अंतर हेच या कामात विद्यापीठाचे बळ आहे.

काठावरचा

मूळ लेख माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात पैशाचा उल्लेख नाही, आणि त्यावाचून हा विषय समजत नाही.

मिशिगनचा कायदा ऑथोरायझरला शाळेच्या राज्य-अनुदानातून ३ टक्क्यांपर्यंत रक्कम देखरेखीसाठी घेऊ देतो. २०२३-२४ मध्ये मूळ अनुदान दर विद्यार्थी ९,६०८ डॉलर होते. म्हणजे पाचशे मुलांच्या एका शाळेमागे विद्यापीठाला वर्षाला सुमारे १ लाख ४४ हजार डॉलर मिळू शकतात. पन्नास शाळा असतील तर हिशेब वाचकांनीच करावा. शाळा बंद केली की ही रक्कम थांबते. परीक्षकाचे मानधन उत्तीर्णांच्या संख्येवर ठरवायचे आणि वर त्याच्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करायची, असा हा प्रकार आहे.

दुसरा मुद्दा अंतराचा. स्थानिक स्कूल बोर्डावर नाराज झालेला पालक पुढच्या निवडणुकीत मत देऊन ती नाराजी व्यक्त करू शकतो. सेंट्रल मिशिगनच्या विश्वस्तांची नेमणूक राज्यपाल करतात, ते विश्वस्त शाळेचे मंडळ नेमतात, आणि ते मंडळ बहुतेक वेळा शाळा चालवण्याचे काम एखाद्या व्यवस्थापन कंपनीकडे सोपवते. डेट्रॉइटमधील आईने या साखळीतील कोणत्या कडीला जाब विचारायचा? ज्याला आपण बळ म्हणता, त्याला मी बेजबाबदारपणाची सोय म्हणेन.

हे हवेतले आरोप नाहीत. २०११ मध्ये मिशिगनने विद्यापीठांच्या शाळांवरील १५० ची मर्यादा टप्प्याटप्प्याने उठवली. २०१४ च्या जूनमध्ये डेट्रॉइट फ्री प्रेस या दैनिकाने वर्षभराच्या शोधानंतर मालिका छापली, तेव्हा राज्य चार्टर शाळांवर वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर खर्च करत होते आणि बहुसंख्य शाळा नफा कमावणाऱ्या कंपन्या चालवत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याचे शिक्षणप्रमुख माइक फ्लॅनगन यांनी ११ ऑथोरायझरना नव्या शाळा उघडण्याचा अधिकार निलंबित होण्याचा इशारा दिला, आणि त्या यादीत ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीसारखे मोठे विद्यापीठही होते.

बॉल स्टेटची गोष्टही आपण अर्ध्यावर सोडली आहे. नाकारलेल्या शाळांपैकी इंडियानातीलच फोर्ट वेन शहरातील एकीला दुसऱ्या एका विद्यापीठाने करार दिला, आणि तिथल्याच दोन शाळांच्या इमारतींत पुढे व्हाउचरवर, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकार देत असलेल्या पैशांवर, चालणारी खासगी ख्रिस्ती शाळा भरू लागली. एका दाराने बाहेर काढलेला पाहुणा शेजारच्या दाराने पुन्हा पंगतीत बसला.

त्रिज्या

फोर्ट वेनचा मुद्दा मान्य आहे, आणि तो मी लिहायला हवा होता. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. तिथे बॉल स्टेटने आपले काम केले, दुसऱ्या संस्थेने केले नाही. एका बँकेने नाकारलेले कर्ज दुसरीने डोळे मिटून मंजूर केले, तर नियम दुसरीसाठी कडक करावा लागतो. मिनेसोटाने २००९ मध्ये नेमके हेच केले. तिथे सर्व ऑथोरायझरना राज्याकडून नव्याने मान्यता घेणे बंधनकारक झाले आणि त्यानंतर अनेक संस्था या कामातून बाहेर पडल्या.

शुल्काविषयीचा आक्षेप गंभीर आहे, पण बॉल स्टेटलाही इंडियानाच्या कायद्याने ३ टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येत होते. उत्पन्न बुडणार हे ठाऊक असूनही त्यांनी निर्णय घेतला. प्रत्येक जण असे करील असे मी म्हणत नाही. मात्र शुल्क नसेल तर शाळांना भेटी देणारे, ताळेबंद वाचणारे लोक कुठून आणायचे? मोजक्या माणसांनी वर्षातून एकदा चहा पिऊन यायचे, अशी देखरेख तर कोणालाच नको आहे.

फळा-खडू

मी या चर्चेत थोड्या वेगळ्या बाजूने येतो. मिशिगनमधील एका चार्टर शाळेच्या संचालक मंडळावर मी काही वर्षे होतो. शाळेचे आणि विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका शाळेपुरता नाही.

शपथ घेतल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आले की विद्यापीठाची देखरेख प्रामुख्याने कागदांची होती. अग्निशमन कवायतीची नोंद, विम्याचे प्रमाणपत्र, सभेचे इतिवृत्त, अंदाजपत्रकाची दुरुस्ती, प्रत्येकाची तारीख ठरलेली आणि प्रत्येक कागद संगणकप्रणालीवर चढवायचा. आमची शाळा कागद वेळेवर देण्यात अव्वल होती. तिसरीतील निम्म्या मुलांना मात्र परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता येत नव्हता. हे दोन्ही एकाच अहवालात होते आणि पहिल्या पानावर कागदांचे कौतुक होते.

तरीही मी काठावरचा यांच्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही, कारण एका प्रसंगी विद्यापीठानेच आम्हाला वाचवले. आमच्या व्यवस्थापन कंपनीने कराराचा नवा मसुदा पाठवला, तेव्हा तो मसुदा मंडळाच्या स्वतंत्र वकिलाने तपासलाच पाहिजे, कंपनीच्या वकिलाचे मत चालणार नाही, असा आग्रह विद्यापीठाने धरला. त्या वकिलामुळे आम्हाला कळले की शाळेची इमारत कंपनीशी संबंधित संस्थेच्या मालकीची होती आणि मसुद्यातील अटी पाहता कंपनीशी फारकत घ्यायची तर इमारतही सोडावी लागणार होती. शिक्षक, बाके, संगणक, इमारत, सगळे ज्याचे, त्याच्यावर मंडळाने लक्ष ठेवायचे! आम्ही सात जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून महिन्यातून एका संध्याकाळी भेटत होतो. विद्यापीठ पाठीशी नसते तर त्या अटी आम्ही न वाचताच मान्य केल्या असत्या, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

म्हणून माझ्या अनुभवापुरते सांगायचे तर मदत आणि देखरेख असे दोन कप्पे प्रत्यक्षात नसतात. मंडळाला योग्य वेळी योग्य प्रश्न विचारायला लावणे ही दोन्ही एकाच वेळी असते. वाचनाच्या वर्गासाठी विद्यापीठाने पाठवलेले सल्लागार मात्र दोनदा आले, सादरीकरण करून गेले, आणि त्याने काही फरक पडला नाही.

वहीतला_कोपरा

पुण्यात महाविद्यालयात पंचवीस वर्षे शिकवल्यामुळे हे वाचताना सतत आपली संलग्नता आठवत होती. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येणार म्हटल्यावर प्रयोगशाळेतील उपकरणांवरची धूळ झटकली जाते, ग्रंथालयाच्या नोंदवह्या पूर्ण होतात, दुपारचे जेवण उत्तम असते आणि समिती गेली की सगळे पूर्ववत होते. संलग्नता चालू ठेवण्याचा प्रस्ताव हा आमच्याकडे एक सोपस्कार होता. निकाल वाईट लागले म्हणून आमच्या परिसरातील महाविद्यालयाची संलग्नता गेल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे विद्यापीठ म्हटले की दर्जा आपोआप येतो, या गृहीतकाविषयी मी साशंक आहे.

अवांतर: मुंबई आणि पुणे महापालिकांच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था भागीदारीने चालवते. तिथे करार थेट महापालिकेशी असतो. मध्ये तिसरी संस्था नाही.

त्रिज्या

तुलना मार्मिक आहे, पण एक भेद नजरेआड होतो. आपल्याकडे अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्याच असतात, त्यामुळे निकाल वाईट लागला तर दोष कोणाचा हे कधीच ठरत नाही. इथे विद्यापीठ शिकवण्याची पद्धत ठरवत नाही, म्हणूनच ते निकालाचा जाब विचारू शकते. न्यूयॉर्कमध्ये १९९८ च्या कायद्याने स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या विश्वस्तांना हा अधिकार मिळाला. तिथला करार जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. शाळा काठावर असेल तर पूर्ण मुदतीऐवजी कमी वर्षांचे नूतनीकरण देता येते, आणि त्यामागची कारणे देणारा अहवाल कोणालाही वाचता येतो.

काठावरचा

न्यूयॉर्कचे नाव आपण घेतलेच आहे, तर २०१७ चेही सांगावे. त्याच विश्वस्तांच्या समितीने आपल्या चार्टर शाळांना स्वतःच शिक्षक प्रमाणित करण्याची मुभा देणारा नियम केला, ज्यात राज्याच्या नेहमीच्या अटींपेक्षा बरीच कमी तयारी पुरणार होती. राज्याचे शिक्षण खाते आणि शिक्षक संघटना न्यायालयात गेल्या, आणि २०१८ मध्ये तो नियम रद्द झाला. राखणदारालाच आपल्या कळपाचा लळा लागतो तो असा. फळा-खडू मदत आणि देखरेख एकच म्हणतात. मला भीती आहे ती याच सलगीची. पाच वर्षे ज्या मुख्याध्यापिकेला आपण मार्गदर्शन केले, तिची शाळा बंद करण्याची शिफारस करताना आपलेही अपयश कागदावर येते.

त्रिज्या

तो नियम चुकीचाच होता. परंतु लळा लागला म्हणून दर्जा घसरला, हे आकडे दाखवत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २००९ मध्ये १६ ठिकाणच्या चार्टर शाळांचा अभ्यास केला, तेव्हा गणितात तुलनेच्या सरकारी शाळांपेक्षा सरस ठरलेल्या शाळा १७ टक्के आणि मागे पडलेल्या ३७ टक्के होत्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या राष्ट्रीय अहवालात चार्टर शाळांतील मुले सरासरीने वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे असल्याचे दिसले. दुबळ्या शाळा बंद होणे हे या बदलाचे एक कारण आहे, असे मला वाटते.

काठावरचा

१६ दिवसांच्या सरासरीत ज्या शाळा बंद झाल्या, त्यांतील मुले कुठे गेली हे दिसत नाही.

फळा-खडू

ती कुठे जातात ते मी पाहिले आहे. आमच्या शेजारची चार्टर शाळा बंद होणार हे उन्हाळा तोंडावर आल्यावर कळले. चांगल्या शाळांच्या चिठ्ठ्या तोवर निघून गेल्या होत्या. आमच्याकडे आलेल्या मुलांपैकी काहींची ती तिसरी शाळा होती आणि त्यांच्या फायली ऑक्टोबरपर्यंत पोचल्या नाहीत. नूतनीकरण नाकारण्याचे धाडस करणाऱ्या विद्यापीठाने तो निर्णय हिवाळ्यातच जाहीर करावा आणि प्रत्येक मुलाची नवी जागा ठरेपर्यंत आपला माणूस त्या शाळेत बसवावा, एवढी अट करारात घालता आली तर माझे बरेच आक्षेप मिटतील.

त्रिज्या

ही अट मला मान्य आहे. त्या माणसाचा पगार आधी घेतलेल्या ३ टक्क्यांतून बाजूला काढून ठेवावा, म्हणजे शाळा बंद करताना विद्यापीठापुढे पैशाची सबब राहणार नाही.

काठावरचा

बाजूला काढलेली रक्कम शाळा बंद न झाल्यास विद्यापीठालाच परत मिळणार असेल, तर माझा पहिला आक्षेप होता तिथेच राहतो. ती रक्कम राज्याकडे ठेवा, मग पुढे बोलू.