छायाचित्रणासाठी दीर्घकाळ पुरणारा विषय कसा सापडतो?

झरोका (प्रश्नकर्ता):

गेली सहा वर्षे मी हौसेने छायाचित्रण करतो. कॅमेरा, दोन लेन्स आणि एक ट्रायपॉड एवढे साहित्य जवळ आहे आणि एक्स्पोजर, फोकस वगैरे तांत्रिक बाबतीत आता सहसा अडत नाही. अडते ते त्यापुढे. काही महिन्यांपासून कॅमेरा हातात घेतला की काय टिपावे हेच सुचत नाही, आणि जे सुचते ते कोणीतरी आधीच, माझ्यापेक्षा सरस, टिपून ठेवलेले असते. ही कोंडी फोडण्यासाठी मी वर्षभर रोज एक छायाचित्र काढण्याचा संकल्प केला होता, तो ११२व्या दिवशी मोडला. शेवटच्या आठवड्यातील सातपैकी पाच छायाचित्रे रात्री साडेअकरानंतर, उशाजवळच्या दिव्याची काढलेली आहेत, यावरून त्या संकल्पाची काय गत झाली होती ते लक्षात यावे.

आता एखादा वैयक्तिक प्रकल्प हाती घ्यावा असे वाटते. परंतु विषय ठरवायला बसलो की वहीत ‘एकटेपणा’, ‘काळ’ अशी भारदस्त नावे उतरतात आणि त्यांच्यासमोर कॅमेरा नेमका कुठे ठेवायचा ते कळत नाही. आपल्यापैकी ज्यांनी एकाच विषयावर दीर्घकाळ काम केले आहे, त्यांना तो विषय कसा सापडला, आणि तो पुरेल हे त्यांनी कशावरून ओळखले?

तिपाई:

आधी सुचेल आणि मग काम सुरू होईल, हा क्रमच मला उलटा वाटतो. चेक छायाचित्रकार योझेफ सुदेक यांचे उदाहरण मी स्वतःला वारंवार देतो. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. पुढे १९४० पासून, म्हणजे प्राग शहर नाझी अमलाखाली असताना, त्यांनी आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रे काढायला सुरुवात केली आणि ते काम १९५४ पर्यंत चालू ठेवले. खिडकी तीच आणि बाहेरचे वाकडे झाडही तेच. बदलत होते ते काचेवरचे दव, थेंब, बर्फ आणि मागून येणारा उजेड. चौदा वर्षे पुरेल एवढा ऐवज त्या काचेत आहे हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, दोनपैकी एक लेन्स कपाटात ठेवावी, घरातील एकच जागा आणि दिवसातील एकच वेळ निवडावी आणि तीन आठवडे तेवढेच टिपावे. पहिले पाच-सहा दिवस कंटाळवाणे जातील. मात्र आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या फ्रेम काढून संपल्यावर जे दिसू लागते, ते त्या कंटाळ्याच्या पलीकडेच असते.

अंधारखोली:

तिपाई यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. बंधन हे साधन आहे, तो विषय नव्हे, आणि प्रश्नकर्त्याचा रोज एक छायाचित्राचा संकल्प नेमका इथेच फसला असावा. ‘रोज एक’ हे वेळापत्रक झाले. कशाचे छायाचित्र आणि का, याचे उत्तर त्यात कुठेच नाही. मग रात्री साडेअकराला दिवाच हाती लागणार, त्यात दिव्याचा दोष नाही.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याचे काम पाहा. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, कोळसा खाणींवरील मनोरे अशा औद्योगिक वास्तूंची छायाचित्रे शक्यतो ढगाळ उजेडात आणि सरळ समोरून काढली. अशी नऊ-बारा छायाचित्रे एका चौकटीत ओळीने मांडली की, एकेकटी पाहताना रुक्ष वाटणारी टाकी शेजारच्या टाकीमुळे बोलू लागते. एकीचे पाय बारीक दिसतात, तर दुसरीची टोपी तिरकी. परंतु हा काटेकोर नियम त्यांनी शिस्तीच्या हौसेपोटी केलेला नव्हता. त्या वास्तू कालबाह्य होऊन पाडल्या जात होत्या. त्यांची तुलना करता येईल अशी नोंद हवी होती, आणि तुलना करायची तर सावल्यांनी मध्ये लुडबुड करून चालणार नव्हते. म्हणजे विषयाची गरज आधी आली आणि नियम तिच्यातून निघाला.

त्यामुळे स्वतःला विचारायचा प्रश्न ‘मी काय टिपू?’ हा नाही. कॅमेरा जवळ नसतानाही आपली नजर कशावर रेंगाळते, आणि त्यातले काय थोड्या वर्षांत उरणार नाही, हे विचारून पाहावे.

जुना रोल:

दोघांचेही म्हणणे योग्य आहे, पण नजर कशावर रेंगाळते हे आठवून सांगता येत नाही. आठवायला बसले की पुन्हा भारदस्त नावेच सुचतात. त्याचा पुरावा आपल्या हार्ड डिस्कमध्ये पडलेला असतो. महिनाभर नवीन काही काढू नका आणि इतरांची छायाचित्रे पाहणेही थांबवा. सहा वर्षांतील कामातून शंभरेक छायाचित्रे निवडा. मात्र ज्यांना वाहवा मिळाली ती बाजूला ठेवून, जी का काढली हे सांगता येत नाही तीच घ्या. त्यांचे पोस्टकार्डाएवढे साधे प्रिंट काढून जमिनीवर पसरा. पडद्यावर एकामागून एक सरकणारी छायाचित्रे आपण गुणानुक्रमे पाहतो, तर जमिनीवर पसरलेली एकमेकांच्या ओढीने शेजारी जातात. दोन-तीन दिवस ती उचलू नका. (घरातील मंडळींची परवानगी आधी घ्यावी, हा स्वानुभव आहे.)

झरोका:

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. प्रिंट पसरल्यावर एक गोष्ट अशी निघाली, जी मी कधीही विषय म्हणून वहीत लिहिली नसती. शंभरपैकी एकोणीस छायाचित्रांत, बहुतेक वेळा कडेला किंवा मागे, वडिलांनी दुरुस्त केलेली एखादी वस्तू आहे. चष्म्याच्या काडीला बिजागरीच्या जागी काळा दोरा गुंडाळलेला आहे. खुर्चीच्या पायाला पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे आणि तिचे चार खिळे चार वेगवेगळ्या मापांचे आहेत. छत्रीच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवलेली आहे. वडील आता पंचाहत्तरीचे आहेत आणि त्यांचे हात कापू लागले आहेत. अंधारखोली यांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असावे.

आता अडचण प्रकाशाची आहे. बेखर दांपत्याप्रमाणे सर्व वस्तू एकाच मंद, सपाट उजेडात ठेवून पाहिल्या. त्या नीटनेटक्या दिसल्या, पण एखाद्या सूचीपत्रातल्यासारख्या.

अंधारखोली:

बेखरांचा उजेड त्यांच्या कामासाठी होता. टाकीचा आकार दाखवायचा असेल तर सावली नको. तुम्हाला मात्र दोऱ्याचा वेढा आणि खिळ्याचे डोके दाखवायचे आहे, म्हणजे पृष्ठभागावरचे उंचसखलपण हाच तुमचा विषय आहे. वस्तू खिडकीशेजारी ठेवून प्रकाश जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, तिरपा येऊ द्या. खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली काळीठिक्कर पडणार नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एफ ११च्या आसपास, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान करून, काम करा, कारण इतक्या जवळून फोकसची खोली (पुढेमागे स्पष्ट दिसणारा भाग) फार थोडी मिळते. मंद शटरची चिंता नको, वस्तू हलणार नाही.

झरोका:

तिरप्या उजेडाने फरक पडला. खुर्चीच्या पट्टीवरील हातोडीचे चुकलेले घाव प्रथमच दिसले. मात्र काल नवाच पेच उभा राहिला. चष्मा खिडकीत मांडलेला पाहून वडील म्हणाले, “ती गाठ नीट बसलेली नाही. थांब, पुन्हा बांधतो, मग काढ.” त्यांना नाही म्हणवत नाही, आणि मला तर तीच सैल गाठ हवी आहे.

जुना रोल:

सैल गाठ आजच टिपून ठेवा. मग त्यांना खिडकीशी बसवून गाठ बांधू द्या आणि कॅमेरा जरा मागे घ्या, म्हणजे हातही फ्रेममध्ये येतील.