मदत हवी आहे: ग्राहकांना एसएमएस जाऊनच नाही राहिले, होळीच्या आत पाठवायचे आहेत

कुलरवाला_प्रतापनगर
नमस्कार मंडळी. नागपुरात कुलर दुरुस्तीचं दुकान आहे. होळी झाली की सगळ्यांचे फोन एकदमच येतात, एप्रिलमध्ये तर अर्ध्या लोकांना नाही म्हणावं लागतं. म्हणून यंदा आधीच मेसेज करून सांगायचं होतं की कुलरचं गवत आत्ताच बदलून घ्या. कालपासून मेसेज जाऊन नाही राहिले. रिचार्ज आहे, फोन बंद-चालू केला, सिम काढून घातलं. कोणती बल्क एसएमएसवाली सर्व्हिस स्वस्त आणि भरवशाची, तेवढंच सांगा. लवकर सांगा.

निशाचर_४४००
किती मेसेज, कोणत्या नंबरवरून, कोणाला? आणि नेमकं काय लिहून येतं?

जुना_व्यापारी
आजकाल एसएमएस कोण वाचतं? व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, कुलरचा फोटो टाका, काम झालं. माझं इतवारीतलं दुकान त्याच्यावरच चालते.

कुलरवाला_प्रतापनगर
@निशाचर माझ्याच सिमवरून, एक अ‍ॅप घेतलं होतं त्यानं पाठवले. 'नॉट सेंट' येते. वहीतले जुने ग्राहक आहेत, हजाराच्या वर.
@जुना_व्यापारी काका, आमचे पुष्कळ ग्राहक रिटायर्ड आहेत, काहींकडे बटणांचा फोन आहे.

मीनल_धरमपेठ
ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. आणि एका लिस्टमध्ये २५६ च लोक. दुरुस्तीवाल्याचा नंबर कोण सेव्ह करतं हो?

जुना_व्यापारी
माझे सगळे ग्राहक करतात. चांगली सेवा द्या, लोक आपोआप सेव्ह करतात.

निशाचर_४४००
कुलरवाला दादा, आता कळलं. साध्या दहा आकडी नंबरवरून धंद्याचे थोक मेसेज पाठवायला ट्रायची, म्हणजे टेलिकॉम नियामकाची, परवानगीच नाही. बहुतेक प्लॅनमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात ते घरगुती वापरासाठी. अ‍ॅपनं धडाधड गेले की कंपनी जाणं थांबवते. तुमचं सिम सध्या तिथंच अडकलं असणार. त्यात लोकांनी १९०९ वर तक्रार केली तर नंबर कायमचाही जाऊ शकतो, आणि तो नंबर तुमच्या दुकानाच्या पाटीवर असेल. आधी कस्टमर केअरला विचारा की आउटगोइंग एसएमएस बंद केलाय का.

कुलरवाला_प्रतापनगर
हो, पाटीवर तोच आहे. मग करायचं काय? एक जण मनीषनगर, त्रिमूर्तीनगरची नंबरची लिस्ट देऊन राहिला, म्हणतो माझ्याच सर्व्हरवरून पाठवून देतो, रजिस्ट्रेशनची भानगड नाही.

मीनल_धरमपेठ
अजिबात घेऊ नका! मी त्रिमूर्तीनगरातच माहेरी असते बरेच दिवस. फ्लॅट, क्लासेस, जिम, सगळ्यांचे मेसेज येतात. आईनं कोणालाही नंबर दिला नव्हता. रात्री साडेदहाला मेसेज आला की तिला वाटतं घरात कोणाला काही झालं. ज्यानं नंबर तुम्हाला दिलाच नाही, त्याला कुलर दुरुस्तीचा मेसेज का यावा? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचाही पायाच संमती आहे.

नागपुरी_तर्री
भाऊ, गवत काऊन बदलवता? हनीकोंब पॅड लावा, तीन-चार वर्षं पाहावं लागत नाही.

कुलरवाला_प्रतापनगर
@तर्री हनीकोंब पण लावून देतो. पण वाळ्याच्या ताटीचा वास ज्याला पाहिजे तो वाळाच मागतो. इथं तो प्रश्न नाही ना भाऊ.

बल्कएसएमएस_जाणकार
सोळा आणे नियमात करायचं असेल तर असं. जिओ, एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया), बीएसएनएल यांपैकी कोणाच्याही डीएलटी पोर्टलवर, म्हणजे धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्यांची नोंद होते त्या साइटवर, दुकानाची नोंदणी. मोठ्या खासगी पोर्टलवर फी साधारण ५,००० रुपये अधिक जीएसटी. पॅन, जीएसटी किंवा उद्यम (लघुउद्योगाची नोंद) किंवा गुमास्ता (दुकानाचा परवाना), आणि शिक्क्यासह अधिकारपत्र. मग हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारी पाठवणाऱ्याची ओळख. मग मजकुराचा टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचा. त्यानंतर कोणत्याही नोंदणीकृत एजन्सीकडून पाठवा. २०२५ च्या सुधारणेनंतर जाहिरातीच्या हेडरच्या शेवटी पी लागतो, लोकांना बघताक्षणी कळतं. वेळ सकाळी १० ते रात्री ९. डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) लावलेल्याला जाहिरात जात नाही, जायची असेल तर त्याची नोंदवलेली संमती लागते. लिंक द्यायची असेल तर तीही आधी नोंदवा, १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेली लिंक असेल तर मेसेज अडतो. मजकुरातला फोन नंबरही नोंदवावा लागतो का ते विचारून घ्या.

जुना_व्यापारी
एका गवताच्या मेसेजसाठी पाच हजार? त्यात चार सीझनची पॅम्प्लेटं छापून होतात. पेपरात टाका.

निशाचर_४४००
पॅम्प्लेट नव्या माणसासाठी ठीक. हे जुने ग्राहक आहेत, त्यांना फक्त आठवण द्यायची आहे. काका, हजारावर घरांत पॅम्प्लेट टाकून बघा, पेपरवाल्यालाच किती द्यावे लागतात.

कुलरवाला_प्रतापनगर
मजकूर असा ठेवू का? "नमस्कार, कुलरचे गवत बदलणे व सर्व्हिस सुरू. वेळ घेण्यासाठी फोन करा."

बल्कएसएमएस_जाणकार
यात दुकानाचं नाव नाही आणि फोन नंबरही नाही. हेडरवर उलट फोन लागत नाही, मग ग्राहक कुठे फोन करणार? शिवाय देवनागरीत एका मेसेजला ७० अक्षरं मिळतात, काना-मात्रा, जोडाक्षरातला हलन्त, रिकामी जागा सगळं धरून. तुमचा हा मजकूर आत्ताच ६६ होतो. 'नमस्कार' काढा. "(दुकानाचं नाव): कुलरचे गवत बदलणे, सर्व्हिस सुरू. फोन (दहा आकडे)" असं केलं की नाव, त्यापुढचं दोन टिंबांचं चिन्ह आणि त्यानंतरची जागा यांना मिळून २३ उरतात.

मीनल_धरमपेठ
आणि 'मेसेज नको असल्यास' हे कुठे गेलं? जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजमध्ये बंद करण्याची सोय देणं २०२५ पासून बंधनकारक आहे. ७० मध्ये बसत नाही म्हणून गाळू नका.

बल्कएसएमएस_जाणकार
बरोबर, ते ठेवायलाच हवं. मग दोन भागांचे पैसे धरा, लांब मेसेजमध्ये प्रत्येक भाग ६७ चा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तर १६० मिळतात.

मीनल_धरमपेठ
इंग्रजी अक्षरांत नका लिहू. लॉटरीचे नि लोनचे फसवे मेसेज तसेच दिसतात, आई तर न उघडता डिलीट करते. दोन भागांचे थोडे पैसे गेले तरी चालतील, देवनागरीच ठेवा.

कुलरवाला_प्रतापनगर
हे पटलं. वहीत प्रत्येकाचा पत्ता आणि कामाची तारीख आहे, पण संमती अशी काही लिहून घेतली नाही. ती कशी घ्यायची? सगळ्यांना परत फोन करू?

निशाचर_४४००
गेल्या दोन सीझनचे तेवढे आधी घ्या. चार वर्षांपूर्वी एकदा पंप बदललेला माणूस तुम्हाला विसरला असेल, त्याला मेसेज म्हणजे त्रासच. पाच जणांनी दहा दिवसांत तक्रार केली की कारवाई होऊ शकते, पूर्वी ही मर्यादा सात दिवसांत दहा तक्रारींची होती. यंदा कामाला गेलात की पावतीवर एक ओळ छापा: 'पुढच्या सीझनआधी एसएमएसने आठवण हवी का? हो / नाही', आणि सही घ्या. हेडर मिळालं की एजन्सीला विचारा, डीएलटीवर संमती नोंदवायची सोयही आहे.

जुना_व्यापारी
मी तर म्हणतो यंदा फोनच करा. बाई असो की म्हातारा, फोनवर बोललं की माणूस बांधला जातो.

कुलरवाला_प्रतापनगर
काका, यंदा तसंच करावं लागेल असं दिसतं, नोंदणी होईपर्यंत होळी होऊन जाईल. रोज दुपारी जेवणानंतर थोडे थोडे फोन करतो, आणि फोनवरच विचारून वहीत 'हो' लिहून ठेवतो. उद्यम सर्टिफिकेट आहे, गुमास्ता बाबांच्या नावावर आहे. डीएलटीला उद्यमवर माझं नाव चालेल का, की दोन्ही कागद एकाच नावाचे लागतात?

बल्कएसएमएस_जाणकार
उद्यम आणि पॅन तुमच्या नावावर असेल तर तेच जोडा, गुमास्ता जोडूच नका. अधिकारपत्रावरचं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षरशः एकसारखं हवं, अर्ज बहुतेक तिथेच परत येतो.

नागपुरी_तर्री
दादा, प्रतापनगरात कुठं आहे दुकान? माझ्या कुलरचा पंप आवाज करून राहिला.