ओव्हरले लावला की फसवणूक कशी काय होते बुवा?

घोडबंदरचा_नोडवाला
काल इथे, म्हणजे व्हिडिओचे रंग जुळवणाऱ्या कलरिस्ट लोकांच्या गप्पांत, एकाने ठोकून दिलंय, "ब्लेंड मोड लावून ग्रेड करणारे कलरिस्ट नव्हेत, फोटोशॉपवाले. लिफ्ट-गॅमा-गेन जमत नाही म्हणून ओव्हरले." (ब्लेंड मोड म्हणजे एका चित्रावर दुसरं चित्र मिसळायची रीत, ओव्हरले त्यातलीच एक; लिफ्ट-गॅमा-गेन म्हणजे सावल्या, मधले टोन आणि उजळ भाग वेगवेगळे जुळवणं.) रात्रभर डोक्यात जातंय. अरे, ब्लीच बायपासमध्ये काय व्हायचं? लॅबवाले फिल्म धुताना ब्लीचची पायरी गाळायचे, चांदी फिल्मवरच राहायची, म्हणजे रंगीत चित्रावर काळंपांढरं चित्र बसायचं. मी रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅच्युरेशन शून्य केलेला, म्हणजे काळापांढरा, नोड (ग्रेडची एक पायरी) थर मिसळणाऱ्या लेयर मिक्सरला जोडून ओव्हरले करतो, वेगळं काय करतो? लॅबवालेपण फसवे का मग?

ऐरोलीकर
मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. चांदी प्रकाश अडवते, म्हणजे तो मल्टिप्लाय झाला, गडद करणारा मोड. ओव्हरले म्हणजे काळा ० आणि पांढरा १ धरला तर ०.५ च्या खाली मल्टिप्लाय, वर उजळवणारा स्क्रीन. चांदीने हायलाइट, म्हणजे उजळ भाग, आणखी उजळलेला बघितलायस कधी?

घोडबंदरचा_नोडवाला
हो, बघितलाय! प्रिंटवर केलं तर सावल्या काळ्या होतात, पण निगेटिव्ह उलटी असते, तिच्यावर केलं तर जास्तीची चांदी हायलाइटमध्येच असते, प्रिंट काढली की तेच पांढरेफट्ट उडतात. अर्धवट वाचून येतोस आणि शिकवतोस.

वाशी_रेंडर
भांडा तुम्ही, पण कुठल्या स्पेसमध्ये, म्हणजे उजेडाचे आकडे कुठल्या मोजपट्टीत धरून, लावताय ते कोणीच बोलत नाही. सोनी कॅमेऱ्यांच्या एस-लॉग३ या लॉग मोजपट्टीत १८ टक्के ग्रे, म्हणजे मधला करडा, ४१ टक्क्यांवर बसतो, ओव्हरलेचा सांधा ५० वर. ग्रेनची प्लेटपण, म्हणजे वर टाकायचं फिल्मच्या दाण्यांचं चित्र, लॉगमध्ये नेलीत तर तिचा ग्रे खाली सरकतो आणि अख्खी फ्रेम काळवंडते, मग म्हणायचं ग्रेन खराब आहे. आणि लिनियरमध्ये, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणातल्या आकड्यांत, स्क्रीनचं साधं सूत्र १−(१−अ)(१−ब) लावून बघा, दोन्हीकडे २.० असेल तर उत्तर शून्य, म्हणजे ऐन दिव्याच्या मधोमध काळा डाग. तिथे सरळ ॲड करायचं, म्हणजे दोन्हींची बेरीज.

खोपटची_एडिटर
ते सगळं खरं असेल हो, पण तुमच्या या स्क्रीनमुळे हळदीचे व्हिडिओ बघवत नाहीत!! नवरी पिवळी, मांडव पिवळा, त्यावर हे लोक स्क्रीनने नारिंगी लाइट लीक, म्हणजे उजेडाचे ओघळ, टाकतात. गेल्या महिन्यात कळव्याच्या एका पार्टीसाठी मी रात्री तीनपर्यंत बसून स्किनचा रंग त्या पिवळ्यातून सोडवला, तर त्यांनी व्हॉट्सॲपवर ढकललेली कॉपी बघून विचारलं "सिनेमॅटिक कुठंय?"

ऐरोलीकर
माझ्याकडे तर तीन पार्ट्यांचे पैसे अडकलेत, "अल्बम आला की देतो" म्हणे. अल्बमचा आणि माझा संबंध काय?

वाशी_रेंडर
अर्धे आधी घेतल्याशिवाय मी कॅमेऱ्याचं कार्डपण कॉपी करत नाही.

खोपटची_एडिटर
तुमचं वाशीला चालतं. इथे ओळखीतली लग्नं असतात, मागायचे कुठल्या तोंडाने?

घोडबंदरचा_नोडवाला
धागा ओव्हरलेचा होता ना? माझ्या निगेटिव्हचं उत्तर आलं नाही अजून.

ऐरोलीकर
आलं बाबा आलं. निगेटिव्हचं मान्य, त्यात तुझा ओव्हरले निदान वरच्या अर्ध्यात बरोबर. "फोटोशॉपवाले" मागे घेतो, "अर्धे फोटोशॉपवाले" म्हणतो. ताई, कळव्याने दिले का पैसे?

खोपटची_एडिटर
नाही ना. म्हणतात आधी मावशीला गोरं करा.