मेथ सुटून दोन महिने झाले, भाऊ नुसता भिंतीकडे बघत बसतो. मेंदू परत येतो का?

धाकट्याची_ताई:
बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय २८, चारेक वर्षं आईस ओढत होता, म्हणजे क्रिस्टल मेथ. आम्हाला कळेपर्यंत फार उशीर झाला होता. शेवटी शेवटी तर सलग तीन-चार रात्री जागा, खिडक्यांना कागद चिकटवलेले, आणि माझ्या फोनमधून कोणीतरी त्याचं बोलणं ऐकतंय म्हणून एक दिवस त्याने माझा फोन फोडला. मग भरती केलं. पहिले आठ-दहा दिवस मेल्यासारखा झोपला, उठायचा, भकाभका खायचा, परत झोपायचा. भास गेले, संशय गेला. आता घरी येऊन दोन महिने होत आले, लघवीच्या टेस्ट क्लीन आहेत आणि सगळे म्हणतात की सुटला एकदाचा.

पण मला तो सुटल्यासारखा वाटतच नाहीये. दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. जुने मित्र आले तरी हसत नाही, गाणी लावली तर बंद कर म्हणतो, काल मला म्हणाला ताई मला कशाचंच काही वाटत नाही गं, रडूसुद्धा येत नाही. काका म्हणतात याचा मेंदू जळालाय, आता हा असाच राहणार. नेटवर ते मेंदूचे लाल-निळे फोटो बघितल्यापासून मलाही झोप नाही. केंद्रातून सोडताना एक गोळी दिली नाही, विचारलं तर म्हणाले याला औषध नसतं, इच्छाशक्ती लागते. दारूला औषध आहे, हेरॉइनला आहे, मग यालाच का नाही? रिसर्च वाचणारं कोणी असेल तर खरं काय ते सांगा. धीर द्यायला खोटं बोलू नका प्लीज.

रात्रपाळी:
ताई, मी मानसोपचार वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. पहिली गोष्ट, "जळालाय" हा शब्द घरातून हद्दपार करा, तो ऐकतोय सगळं.

आता मेंदूचं. डोपामाइन हे नाव ऐकलं असेलच. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, उठून ती करावीशी वाटणं, यामागे त्याचा मोठा हात असतो. पेशी ते सोडते आणि काम झालं की छोटे पंप ते परत आत ओढून घेतात. कोकेन काय करतं तर हे पंप अडवतं. मेथ त्याच्या पुढे जातं, पेशीच्या आत शिरून साठवलेलं डोपामाइन बाहेर काढतं आणि तोच पंप उलटा चालवतं. शिवाय कोकेन रक्तातून तासाभरात निम्मं होतं, मेथला १० ते १२ तास लागतात, म्हणून तर त्या तीन-तीन रात्री. चार वर्षं असा पूर येत राहिला की मेंदू स्वतःचं काम आवरतं घेतो, आणि त्या पेशींच्या टोकांना इजाही होते. मग नशा थांबली की गाणी, मित्र, जेवण, सगळं बेचव. याला अॅनहेडोनिया म्हणतात. तुमचा भाऊ जे सांगतोय ते शब्दशः तेच आहे, तो नाटक करत नाहीये आणि आळशीही झालेला नाहीये.

तुम्ही बघितलेले लाल-निळे फोटो बहुतेक पेट स्कॅनचे असणार, म्हणजे मेंदूचं काम कसं चाललंय ते रंगांत दाखवणारा स्कॅन. त्यातला गाजलेला अभ्यास व्यसनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधक नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००१ मधला. मेथ घेणाऱ्यांमध्ये हे पंप कमी झालेले दिसले, एवढंच सगळीकडे फिरतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, की त्यातल्या काही जणांना वर्ष-सव्वा वर्ष नशेपासून लांब राहिल्यावर पुन्हा स्कॅन केलं तेव्हा पंप साधारण १६ ते १९ टक्के वाढलेले होते. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून पुढचंही सांगते. दुसऱ्यांदा स्कॅन झालेली माणसं पाचच होती, आणि स्मरणशक्ती नि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा दिसली नाही. म्हणजे कायमचं जळालं हे खोटं, आणि तीन महिन्यांत पहिल्यासारखा होईल हेही खोटं. दोन महिने म्हणजे अजून सुरुवातच आहे.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. "कशाचंच काही वाटत नाही" म्हणणाऱ्या माणसाला जीव द्यावासा वाटतो का हे सरळ त्याच शब्दांत विचारायचं असतं. विचारल्याने डोक्यात भरत नाही, हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. नाही म्हणाला तरी या आठवड्यात सायकियाट्रिस्टला दाखवा, कारण मेथला मंजूर गोळी नसली तरी डिप्रेशनला उपचार आहेत आणि ते वेगळं तपासावं लागतं. आणि इच्छाशक्तीवर सोडून देणं हा काही डिस्चार्ज प्लॅन नाही, माझ्या वॉर्डात असं कोणी लिहिलं असतं तर मी भांडले असते.

तीन_वर्षं_कोरडा:
मी स्वतः ओढायचो. पाच वर्षं ओढली, सोडून तीन झाली. तुमच्या भावाचं वाचून अंगावर काटा आला कारण ती भिंत मी पण बघितलीय.

पहिले दहा दिवस सोपे असतात हो, झोपेतच जातात. घरच्यांना वाटतं तेच अवघड होतं आणि आता लढाई जिंकली. खरी मारामारी नंतर असते, दुसऱ्या महिन्यापासून पुढे कधीतरी, जेव्हा सगळे म्हणतात अरे वा सुटलास आणि आत तुम्हाला माहीत असतं की कशातच राम नाहीये आणि एका झुरक्यात सगळ्याला रंग येईल. तलफ अशी सांगून येत नाही. मला एकदा लायटरच्या नुसत्या आवाजाने घाम फुटलाय, पगाराच्या दिवशी पोटात गोळा यायचा कारण पगार म्हणजे माल हे डोक्यात फिट्ट बसलेलं. मी दोनदा घसरलो, दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि दोन्ही वेळा दुःख झालं म्हणून नाही तर कंटाळा आला म्हणून. हे कोणी लक्षात घेत नाही, कंटाळा.

कधी बदललं ते तारखेनिशी नाही सांगता येणार. सात-आठ महिन्यांनी एकदा कोणीतरी फालतू जोक केला आणि मी हसलो, मग लक्षात आलं की अरे मी हसलो. तोवर नुसतं वेळच्या वेळी उठायचं, आंघोळ, चालायला जायचं, ठरलेल्या वेळी ग्रुपला जाऊन बसायचं, मन लागो न लागो. मन लागण्याची वाट बघत बसलो असतो तर अजून भिंतीकडेच बघत असतो. दात बघून घ्या त्याचे. तोंड कोरडं पडतं, दात करकरा चावले जातात, वर गोड पेयं ढोसलेली आणि ब्रशचा पत्ता नाही, माझे चार गेले. आणि काकांना माझ्याकडून सांगा, जाऊ दे, नको सांगू काही.

आकडेमोड:
औषधाबद्दल मी लिहितो, हा माझा वाचनाचा विषय आहे. हेरॉइनसारखे पदार्थ मेंदूतल्या एका ठरावीक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुलपासारख्या जागेवर बसतात, त्यामुळे तिथेच सावकाश काम करणारं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन बसवता येतं. मेथ असं एका कुलपावर बसत नाही, ते अख्खं कोठारच फोडतं, म्हणून तशी बदली गोळी शोधणं अवघड गेलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मेथच्या व्यसनासाठी एकही औषध मंजूर केलेलं नाही, एवढ्यापुरतं तुमचं केंद्र बरोबर होतं. पण मंजूर नाही म्हणजे काहीच नाही असं नाही. २०२१ च्या जानेवारीत एक मोठी ट्रायल छापून आली, ४०३ लोक, नालट्रेक्सोनचं (अफूसारख्या पदार्थांचा परिणाम अडवणारं औषध) दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन आणि रोज ब्युप्रोपिऑन (डिप्रेशनची गोळी). ज्यांच्या बहुतेक टेस्ट क्लीन आल्या असे लोक औषधवाल्यांत १३.६ टक्के आणि खोट्या औषधावर, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या बिनऔषधाच्या डोसवर, २.५ टक्के. म्हणजे पाचपट, आणि तरी शंभरातले चौदाच. दोन्ही वाक्यं खरी आहेत, जाहिरात करणारा पहिलं सांगेल आणि निराश माणूस दुसरं. मिर्टाझपीन या डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळीचीही सॅन फ्रान्सिस्कोत दोनदा ट्रायल झाली आणि दोन्ही वेळा वापर कमी झालेला दिसला. स्वतःहून यातलं काही सुरू करू नका बरं का, ब्युप्रोपिऑनने काहींना फिट येऊ शकते, आणि अंगात अफूजन्य काही असेल तर नालट्रेक्सोनने माणूस तडफडतो.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र गोळीचा नाहीच, बक्षिसाचा आहे. कंटिन्जन्सी मॅनेजमेंट म्हणतात. आठवड्यातून दोनदा लघवी तपासायची, क्लीन आली की तिथल्या तिथे छोटं बक्षीस, पुढची क्लीन आली की थोडं मोठं, चुकली तर परत पहिल्या पायरीवर, ओरडणं बिलकुल नाही.

आणि काकांसाठी एक, मला राहवत नाही. मेथचे स्फटिक पहिल्यांदा १९१९ मध्ये जपानमध्ये बनले, १९३८ पासून जर्मनीत पर्विटिन नावाने गोळ्या खुलेआम विकायचे, युद्धात सैनिकांना वाटल्या. युद्धानंतर जपानमध्ये एवढं व्यसन पसरलं की १९५१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. एवढ्या सगळ्यांची इच्छाशक्ती एकदमच संपली होती का?

उगाच_एक_शंका:
राग मानू नका पण नशा केली नाही म्हणून बक्षीस? ही तर लाच झाली. आम्ही आयुष्यभर नशा केली नाही, आम्हाला कोण देतंय? आणि पैसे हातात पडले की तो पहिला माल आणणार, यात रिसर्च कसला आलाय.

आकडेमोड:
शंका उगाच नाहीये, सगळ्यांना हेच वाटतं, मलाही वाटलं होतं. म्हणून तर बहुतेक ठिकाणी रोख देत नाहीत, कूपन देतात. नॅन्सी पेट्री नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी तर खर्च कमी करायला चिठ्ठ्यांचा बाउल काढला. ५०० चिठ्ठ्या, त्यातल्या निम्म्यांवर नुसतं "शाब्बास" लिहिलेलं, बाकी बहुतेक किरकोळ वस्तूच्या, आणि एकच चिठ्ठी मोठ्या बक्षिसाची. क्लीन टेस्टला चिठ्ठी काढायची. ४१५ लोकांवर, कोकेन नि मेथवाले मिळून, २००५ मध्ये याचे निकाल आले, १२ आठवडे उपचारात टिकलेले चिठ्ठीवाल्यांत ४९ टक्के आणि नेहमीच्या उपचारात ३५ टक्के.

का चालतं हे वर रात्रपाळींनी सांगितलंच आहे. ज्या मेंदूला सहा महिन्यांनी बरा होशील या वाक्यात काहीच गोडी वाटत नाही, त्याला आज, आत्ता, हातात मिळणारी गोष्ट थोडी तरी जाणवते. तेवढ्यावर बुधवार निघतो, मग शुक्रवार. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हे २०११ पासून चालू आहे, कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये सरकारी आरोग्य योजनेतून सुरू केलं, २४ आठवडे, वर्षाला जास्तीत जास्त ५९९ डॉलर. ५९९ च का, तर ६०० झाले की करखात्याला कळवावं लागायचं. सरकार ते सरकारच.

कमकुवत बाजू पण सांगतो, बक्षीस थांबल्यावर परिणाम उतरत जातो, म्हणून सोबत काउन्सेलिंग लागतंच.

उगाच_एक_शंका:
बरं. शाब्बासवाल्या चिठ्ठीवर पण माणसं येतात म्हणजे कमाल आहे. तरी मला पटायला वेळ लागेल.

धाकट्याची_ताई:
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं. रात्रपाळी, काल रात्री विचारलं मी त्याला, तुम्ही सांगितलं तसं सरळ. जीभ जड झाली होती. तो म्हणाला मरायचं नाहीये, पण असं जगायचं पण नाहीये. मग बराच वेळ बोललो. परवाची अपॉइंटमेंट घेतलीय सायकियाट्रिस्टची. दोन प्रश्न राहिले. ते बक्षिसाचं आम्ही घरच्या घरी केलं तर चालेल का, टेस्ट किट मिळतात. आणि एकदाच घेतली तर ते भास परत येतात का? त्याला स्वतःला त्याचीच सगळ्यात जास्त भीती आहे.

रात्रपाळी:
विचारलंत, फार मोठं काम केलंत. पण दुसरं वाक्य परवा डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा आणि तोवर रात्री कोणीतरी त्याच्याजवळ झोपा.

घरी टेस्ट नको. तुम्ही त्याची ताई आहात, तुम्ही लघवी तपासायला लागलात की पोलीस होता, मग तो तुमच्यापासून लपवायला लागतो आणि घसरला तर सांगायला कोणीच उरत नाही. ते काम क्लिनिककडे असू दे, तुम्ही त्याच्याबरोबर चालायला जा.

भासांचं, हो, येऊ शकतात. बहुतेकांचे भास नशा थांबली की काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत जातात, काहींचे रेंगाळतात. पण एकदा असं होऊन गेलं की पुढच्या वेळी थोड्याशा मालानेही परत येतात, आणि कधी नुसत्या ताणाने नि जागरणाने सुद्धा, जपानी डॉक्टरांनी हे खूप आधीच लिहून ठेवलंय. झोप बिघडायला लागली की लगेच कळवा डॉक्टरांना, वाट बघू नका. आणि ईसीजी, इको झालंय का त्याचं? मेथने हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं, वय २८ असलं तरी. चांगली गोष्ट ही की थांबवलं तर पुष्कळांचं सुधारतं.

तीन_वर्षं_कोरडा:
त्याला माझा मेसेज द्या, वाटलं तर इथे लिही, नाही वाटलं तर नको. रात्री तीनला मी जागाच असतो, ती सवय काही गेली नाही.

धाकट्याची_ताई:
इको नाही झालेला, परवा तिथेच विचारते. आणि हे सगळं त्याला वाचून दाखवलं. भिंतीकडेच बघत ऐकत होता, मग म्हणाला त्या पाचशे चिठ्ठ्यांतली मोठी चिठ्ठी कोणाला निघाली ते लिहिलंय का. मी म्हटलं नाही लिहिलं. तर म्हणे, मग विचार.