आभाळ मोकळं, तरी रडारवर सौंदत्तीकडं लाल ठिपका. पवनचक्क्यांमुळं काय?

मळ्याची_वाट:
नमस्कार मंडळी. आमचं रान बेळगाव जिल्ह्यात, बैलहोंगलच्या पुढं, सौंदत्तीच्या वाटेवर. सोयाबीन काढून खळ्यावर पसरलेलं, पहाटे साडेपाचला मोबाईलवर रडारचं चित्र बघतोय तर सौंदत्तीच्या डोंगराकडं लाल ठिपका, मग काय सगळ्यांना उठवलं, धावपळ करून ताडपत्री घातली आणि वर बघतोय तर चांदण्या! नऊपर्यंत ठिपका गायब, थेंब नाही, ताडपत्रीखाली शेंगांना घाम आला तो वेगळाच. शेजारचे म्हणतात पवनचक्क्यांमुळं रडार फसतंय. खरंच असं होतं काय?

टिळकवाडीकर:
होतं की. रडार लहरी सोडतं आणि आदळून परत आलेल्या लहरींवरून पाऊस ओळखतं. डोंगर, बिल्डिंग पण लहरी परत पाठवतात, पण त्यांचा वेग शून्य म्हणून डॉप्लर रडारचा, म्हणजे वेग पण मोजणाऱ्या रडारचा, फिल्टर त्यांना काढून टाकतो. चक्कीचा खांब असाच निघून जातो, पातं काही निघत नाही, कारण त्याचं टोक सेकंदाला ७०-८० मीटर पळतं म्हणजे ताशी अडीचशे किमीच्या वर, आणि हलतंय म्हटल्यावर फिल्टर सोडून देतो, पाऊस समजून. चक्क्या रडारला अगदी जवळ असल्या तर मागं सावली पण पडते, तिकडचा खरा पाऊस कमी दिसतो. हे जास्त वाईट.

चोर्ला_घाट:
दादा, अंतर पण बघा की. पणजीचं रडार धरलं तर सौंदत्ती सरळ रेषेत साधारण १४० किमी. किरण अर्धा अंश वर सोडला तरी पृथ्वीच्या बाकामुळं तिथं पोचेपर्यंत त्याचा मध्य सव्वादोन किमीच्या वर जातो, चक्क्या डोंगर धरून पण तेवढ्या उंच नाहीत. म्हणजे रोज दिसायला नकोत. पण निरभ्र रात्री जमीन गार पडते, खाली गार हवा आणि वर उबदार, अशा वेळी किरण खाली वाकून डोंगराला, चक्कीला लागतो. ऊन चढलं की हवा ढवळते, ठिपका जातो. तुमची वेळ बरोबर तीच आहे, त्यामुळं मला तरी हेच वाटतं.

मळ्याची_वाट:
मग यावर उपाय काय?

टिळकवाडीकर:
खरा उपाय चक्की उभी करायच्या आधीच. जागतिक हवामान संघटनेचं सांगणं आहे की रडारपासून ५ किमीच्या आत चक्की नकोच. उभी राहिल्यावर मग तिची जागा ठाऊक असते म्हणून तेवढा भाग चित्रातून झाकतात, पण तिथं खरोखर पाऊस आला तर तोही झाकला जातो, मला हे पटत नाही, त्यापेक्षा वरच्या कोनातलं नाहीतर शेजारच्या रडारचं माप तिथं भरलेलं बरं. ड्युअल पोलरायझेशनच्या रडारला आडव्या-उभ्या लहरींवरून थेंब कुठला आणि पातं कुठलं ते बरंच कळतं. आणि मोठं वादळ येताना जवळच्या चक्क्या तासभर थांबवल्या तर थांबलेलं पातं फिल्टरला खांबासारखंच. थोडी वीज जाईल, जाऊदे, इशारा चुकण्यापेक्षा ते परवडलं.

चोर्ला_घाट:
तोपर्यंत एक करा, एकच चित्र बघू नका, मागच्या तासाभराची सगळी चित्रं ओळीनं चालवून बघा. पाऊस सरकतो. जाग्यावरच लुकलुकणारा ठिपका बहुतेक पाऊस नसतो. पण आपल्याकडं डोंगरावर कधीकधी ढग तिथंच धरून बसतो, तेव्हा बाहेर येऊन आभाळ पण बघा.

मळ्याची_वाट:
बरं झालं विचारलं. अजून चार पोती वाळवायची आहेत, उद्या पहाटे चालवूनच बघतो.