आईच्या थायरॉईडसाठी हार्मोनतज्ज्ञांकडे कधी जावे? मदत हवी आहे

नमस्कार. लातूरला राहणाऱ्या माझ्या आईला (वय ५८) तीन वर्षांपासून थायरॉक्सिनची (कमी पडणाऱ्या थायरॉईड हार्मोनची) गोळी सुरू असून, मात्रा ७५ वरून १०० मायक्रोग्रॅम करूनही टीएसएच (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारे हार्मोन) ११ च्या खाली येत नाही आणि तिचा थकवा पाहवत नाही. लोहाची व कॅल्शियमची गोळी ती सकाळी त्याच वेळी घेत होती, हे मला परवाच कळले. त्यामुळे थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही, म्हणून आता चार तासांचे अंतर ठेवले आहे. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून मगच एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनतज्ज्ञांना) दाखवावे, की आधीच वेळ घ्यावी? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एंडोक्रायनॉलॉजी विभागात बाहेरगावाहून कोणी गेले असल्यास, पहिल्या भेटीला कोणते अहवाल न्यावेत तेही कृपया सांगावे.